बाळाचा आहार : सहा महिने आणि त्यानंतर

गाय अथवा म्हैस व्याली की तिच्या चिकाचा खरवस करून तो शेजारीपाजारी वाटण्याची रीत महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. चीक पौष्टिक असतो, याविषयी कोणाचेच दुमत नसते. परंतु जेथे गाईच्या चिकाचे एवढे कौतुक, तेथेच पुष्कळ घरांत बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक मात्र निरुपयोगी समजून पिळून टाकला जाई, आणि नवजात अर्भकास मध किंवा गुळाचे पाणी चाटवले जाई. वस्तुतः हा चीक म्हणजे बाळास मिळणारे पहिले संरक्षण होय. रोगजंतूंचा प्रतिकार करणारी प्रतिपिंडे त्यात विपुल असतात. म्हणूनच जन्मानंतर एका तासाच्या आत बाळास अंगावर पाजावे, असे आज सांगण्यात येते. मध मात्र एक वर्ष पुरे होईपर्यंत देऊ नये; कारण त्यातून क्वचित जाणारे जंतू लहान बाळाच्या आतड्यात वाढून घातक विष निर्माण करू शकतात.

सर्वच रूढी चुकीच्या असतात असे मात्र नव्हे. आपल्याकडे सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण करतात, आणि शास्त्रही जवळजवळ त्याच वयाकडे बोट दाखविते. तेव्हा कोणती रूढी राखावी व कोणती सोडावी, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी निरीक्षण, तुलना आणि मोजमाप यांचा आधार घ्यावा लागतो. "सहा महिने" हा आकडा कसा ठरला, हे पाहिले म्हणजे ही गोष्ट स्पष्ट होईल.

पूर्वी जागतिक आरोग्य संघटना चार ते सहा महिने केवळ स्तन्यपान पुरेसे आहे, असे सांगत असे. मग वरचे अन्न चौथ्या महिन्यात सुरू करावे की सहाव्या? होंडुरास या देशातील संशोधकांनी चार महिने वयाच्या अर्भकांचे गट पाडले. काहींना वरचे अन्न सुरू केले, तर काहींना सहा महिन्यांपर्यंत केवळ आईचे दूध दिले. वरचे अन्न मिळालेल्या बाळांची वाढ अधिक झाली नाही. ती आईचे दूधच तेवढे कमी पिऊ लागली. बेलारूस देशात असेही दिसून आले की, केवळ तीन महिने निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळांपेक्षा सहा महिने पिणाऱ्या बाळांना पोटाचे आजार कमी होतात. हे सर्व पुरावे तपासून २००१ साली जागतिक आरोग्य संघटनेने पूर्ण सहा महिने हा काल निश्चित केला. या काळात बाळास वरचे पाणीही लागत नाही. कारण आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते.

आपल्या देशात दुधाची भुकटी, दुधाच्या बाटल्या व बालान्न यांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९९२ साली झाला. त्यात बालान्नासाठी चार महिन्यांनंतरचे वय धरले होते. २००३ च्या दुरुस्तीने तेथे सहा महिने आले. पुराव्याने एक आकडा बदलला, आणि त्याबरोबर कायद्याची अक्षरेही बदलली!

तथापि सहा महिन्यांनंतर निव्वळ दूध पुरे पडत नाही. गर्भावस्थेत साठविलेले लोह संपत येते आणि उष्मांकांची गरज वाढते. आईच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या बाळास दिवसाकाठी सुमारे २००, नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळास ३००, आणि पुढे दोन वर्षांपर्यंत सुमारे ५५० उष्मांक अन्नातून मिळावे लागतात. बाळाचे पोट लहान असते. भाताच्या पातळ पेजेने ते भरते, पण पोषण होत नाही. म्हणून चमच्यावरून ओघळणार नाही असा घट्ट, कुस्करलेला वरणभात, त्यात थोडे तेल किंवा तूप, शिजवलेली पालेभाजी, फळ आणि शक्य असेल तेथे अंडे द्यावे. आरंभी दिवसातून दोनतीन वेळा व नवव्या महिन्यापासून तीनचार वेळा भरवावे. स्तन्यपान मात्र दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवावे.

परंतु मार्गदर्शन कागदावर राहिले तर त्याचा उपयोग काय? भिलाईजवळील रसमड्यासारख्या औद्योगिक वस्तीत मोलमजुरी करणाऱ्या आईला बाळास दिवसातून चार वेळा भरवावयास सांगणे सोपे आहे. तिला तेवढी सवड मिळणे सोपे नाही. छत्तीसगडात २००२ साली मितानिन योजना सुरू झाली. मितानिन म्हणजे जिवाभावाची सखी. गावातीलच ही स्त्री घरी जाऊन आईशी आणि सासूशीही बोलते. महाराष्ट्रात २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. तेथे दोन वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३९ टक्के होते, ते २०१२ च्या पाहणीत २३ टक्क्यांवर आलेले आढळले. ही घट कोणा एका उपायाची नव्हे; आरोग्यसेवा, स्त्रियांचे शिक्षण आणि अन्न या सर्वांचा त्यात वाटा आहे.

म्हणून चांगल्या मार्गदर्शनाची कसोटी दुहेरी असते. ते पुराव्यास उतरले पाहिजे, आणि ज्या आईने ते पाळावयाचे तिच्या दिवसभराच्या कामातही ते बसले पाहिजे. पहिली कसोटी शास्त्रज्ञांच्या हाती आहे. दुसरी मात्र घरातील व गावातील प्रत्येकाच्या.