वजन किती? सांग बरं!

सहा महिन्यांच्या बाळाला ८ आणि १६ ठिपक्यांतला फरक जाणवतो. ८ आणि १२ मधला जाणवायला दहावा महिना उजाडतो. मोजणं फार पुढचं.

पाच वर्षांच्या पोरासमोर बुटक्या पेल्यातलं ताक उंच, अरुंद पेल्यात ओता. ‘यात जास्त!’ छातीठोक उत्तर. जाँ पियाजे यांनी दाखवलेला हा घोळ साधारण सातव्या वर्षी मिटतो. ० ते १०० च्या रेषेवर बालवाडीतलं मूल १५ ला मध्याकडे सरकवतं. दुसरीपर्यंत अंतरं ताळ्यावर येतात, पण रेषा १००० पर्यंत नेली की पुन्हा तीच गत.

सराव कुठे होतो, हेही महत्त्वाचं. ‘नेचर’मधल्या २०२५ च्या अभ्यासात दिल्ली-कोलकात्याच्या बाजारात काम करणारी मुलं सौद्याचे हिशेब तोंडी बिनचूक करत होती, शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या गणितांत मात्र अडत होती. धुळे-जळगावच्या आठवडे बाजारात पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. भरताचं मोठं हिरवं वांगं हातात द्या, वजन विचारा, मग तराजूत टाका. तुम्हीही अंदाज सांगा बरं का: सारख्या वजनाच्या दोन वस्तूंपैकी लहान वस्तू जड वाटते, हा भ्रम मोठ्यांनाही सोडत नाही.