दाखला काढण्यापूर्वी

"आपा, उद्या शाळेत जाऊन दाखला काढते," धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मेहुणे कुवेतला असतात. तिकडून त्यांनी सांगितले होते की पोरगा नववीत दोनदा बसूनही पुढे सरकत नाही, तर फीचे पैसे वाया घालवण्यापेक्षा चिपळूणला गॅरेजवर ठेवा, हातात हुनर तरी येईल. शाळेनेही आडवळणाने तेच सुचवले होते. त्यांना दहावीच्या निकालाची टक्केवारी सांभाळायची होती.

मी तिला विचारले, "मकतबात कसा आहे तो?"

"तिथे मौलाना त्याची तारीफच करतात. एखादी सूरह दोनदा ऐकली की पाठ. पण कायदा समोर ठेवला की अटकतो. आळशीपणा, दुसरं काय?"

तो आळशीपणा नव्हता. कानाने ऐकलेले सगळे लक्षात राहते आणि डोळ्यांसमोरचे अक्षर मात्र हाती लागत नाही, असे मूल दिसले तर पहिली शंका अध्ययन अक्षमतेची घ्यावी. वाचनापुरती असलेल्या या अडचणीलाच डिस्लेक्सिया म्हणतात. काही मुलांना लिहिणे जड जाते, काहींना आकडे. बुद्धी मात्र चांगली शाबूत असते. 'तारे जमीन पर' २००७ मध्ये आला, आपण सगळ्यांनी रडत रडत पाहिला, आणि घरातला ईशान ओळखायला विसरलो.

सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून मागे पडलेली मुले मी शिक्षिका म्हणून कितीतरी पाहिली आहेत. तिथे काही निघाले नाही तर सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात बुद्ध्यांक चाचणी आणि वाचन-लेखनाची चाचणी करून घ्यावी. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळा विभाग आहे. एका फेरीत काम होत नाही. आमच्या तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी रात्रीची एसटी आणि डब्यात भाकरी. पण हातात प्रमाणपत्र आले तेव्हा बहीण तिथेच बाकावर बसून रडली. दोन वर्षे तिने त्याला या गोष्टीसाठी मारले होते.

हे प्रमाणपत्र म्हणजे मुलावर मारलेला शिक्का, असे समजून अनेक पालक ते लपवतात. खरे तर ते त्याच्या हक्काचे कागद आहेत. महाराष्ट्रात १९९६ पासून अशा विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. जादा वेळ, गरज असल्यास लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, काही विषयांऐवजी पर्यायी विषय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यांत अध्ययन अक्षमताही आहे, आणि ती लवकरात लवकर ओळखून उपाय करण्याची अपेक्षा हा कायदा शाळांकडूनच करतो. म्हणून मुख्याध्यापकांपुढे हात जोडून उभे राहायचे कारण नाही. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. आणि हे सारे नववीत उरकून घ्या. दहावीच्या डिसेंबरात जागे होणाऱ्यांची फार धावपळ होते.

आमच्या भाच्याला मात्र त्या शाळेचे दारच नकोसे झाले होते. बाकावरून उठवून वाचायला लावणे, मग वर्गाचे हसणे. त्याच्यासाठी आम्ही मुक्त विद्यालय निवडले, म्हणजे एनआयओएस. केंद्र सरकारने १९८९ मध्ये स्थापन केलेली ही संस्था दहावी-बारावीचे राष्ट्रीय पातळीवरचे मंडळच आहे. दहावीला किमान वय १४ वर्षे. पाच विषय घ्यायचे आणि ते आपण निवडायचे. गणित सक्तीचे नाही. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एन्ट्री असे विषय आहेत, भाषांमध्ये मराठी, उर्दू आणि अरबीसुद्धा. पाचही एकदम द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते. एक-एक, दोन-दोन विषय सोडवत गेले तरी चालते. अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर इथेही जादा वेळ आणि लेखनिक मिळतो.

दोन गोष्टी मात्र कोणी आधी सांगत नाही. पुढे पॉलिटेक्निक किंवा आयटीआयचे अनेक ट्रेड घ्यायचे असतील तर दहावीला गणित-विज्ञान मागतात, तेव्हा गणित सोडताना दहादा विचार करा. आणि 'घरबसल्या दहावी, पासची गॅरंटी' म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. प्रवेश एनआयओएसच्या वेबसाईटवर थेट होतो.

तिसरी अडचण घरातली. शाळा सुटली की दिवस रिकामा. पहिले दोन महिने भाचा दुपारपर्यंत झोपायचा आणि रात्री मोबाईल. मग बहिणीने त्याच्यावर कामे सोपवली. किराण्याचा हिशेब, वीजबिल, आजीला दवाखान्यात नेणे, बँकेत फॉर्म भरणे. फॉर्म वाचताना अडला तर काउंटरवर "मला वाचायला त्रास होतो, जरा सांगाल का?" असे न लाजता विचारायचे. हे वाक्य म्हणायला त्याला चार महिने लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतली दहा जीवनकौशल्ये मी शाळेच्या प्रशिक्षणात शिकले होते. संवाद, निर्णय, भावना सांभाळणे वगैरे. माझ्या मते त्यातली निम्मी त्या एका वाक्यात येतात.

मेहुण्यांचे गॅरेजचे म्हणणेही अगदीच टाकाऊ नव्हते. हाताने शिकणारी मुले असतात. चूक होती ती शिक्षण तोडून गॅरेजला पाठवण्यात. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळला विज्ञान आश्रम आहे, तो आवर्जून पाहावा. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधक डॉ. श्रीनाथ कलबाग नोकरी सोडून तिथे गेले आणि १९८३ मध्ये त्यांनी दुष्काळी गावात ही संस्था उभी केली. शाळा सुटलेली मुले वर्षभर राहून वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, बांधकाम, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, शिवण सगळे शिकतात. मोजमापासाठी गणित लागतेच, पण तिथे ते टेपवर, लोखंडी पट्टीवर भेटते. कलबागसाहेब २००३ मध्ये गेले. काम चालू आहे.

मुलींबद्दलही बोलायला हवे. मुलगा अडला की गॅरेज सुचते, मुलगी अडली की शिवणयंत्र आणि स्थळ. तिची चाचणी कोणी करत नाही, कारण ती वर्गात दंगा न करता मान खाली घालून नापास होते. मुक्त विद्यालय तिच्यासाठीही आहे, बहिणींनो, आणि लग्न झालेल्यांसाठीही. वयाची वरची मर्यादा नाही.

मेहुणे गेल्या वर्षी सुट्टीवर आले तेव्हा भाच्याने त्यांना मुंबई विमानतळावरून एकट्याने घरी आणले, गाडीवाल्याशी भाडे ठरवून. मराठी आणि गृहविज्ञान हे दोन विषय सुटलेत. मराठीत ४१. आता उर्दू आणि डेटा एन्ट्रीचा फॉर्म भरलाय, विज्ञान त्याच्यानंतर. सकाळी अभ्यास, दुपारनंतर तो चिपळूणला त्याच गॅरेजवर जातो. मालकाने हिशेबाची वही त्याच्याकडे दिली आहे. तो ती मोबाईलवर बोलून टाईप करतो.