दहाच्या ठोक्यावरचा परवाना

उघड्यावरील कार्यक्रमाला ध्वनिक्षेपक लावावयाचा तर अधिकाऱ्यांची लेखी परवानगी हवी, ही गोष्ट महाराष्ट्रात नवी नाही. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमापासून हे नियंत्रण पोलीस यंत्रणेकडे आहे. केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले, तेव्हा या जुन्या परवान्याला घड्याळ आणि मोजमाप अशी दोन नवी अंगे जोडली गेली. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत बंदिस्त जागेबाहेर ध्वनिक्षेपक वाजवावयाचा नाही, हे घड्याळ. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, आणि कार्यक्रमाच्या जागेच्या सीमेवर फार तर त्याहून दहा डेसिबल अधिक, हे मोजमाप. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढविता येते. ही सवलत सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविली.

नियमामागील हेतूविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परीक्षेला बसलेला विद्यार्थी, पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार आणि अंथरुणाला खिळलेला रुग्ण यांच्या झोपेला किंमत आहे, आणि ती किंमत उत्सव करणारा स्वतःहून कधीच मोजत नाही. प्रश्न आहे तो दोन अंगांपैकी कोणते चालविले जाते, हा. घड्याळ प्रत्येक शिपायाच्या मनगटावर असते. आवाज मोजण्यासाठी मात्र यंत्र हवे, ते चालविणारा माणूस हवा, नोंद हवी, आणि ती नोंद पुढे न्यायालयात टिकावयास हवी. साहजिकच प्रशासन जे सोपे तेच करते. संध्याकाळी सहा ते दहा भिंती हादरविणारा आवाज खपून जातो आणि दहा वाजून पाच मिनिटांनी चाललेले कीर्तन बंद पडते.

डेसिबलचे गणित सरळ बेरजेचे नसते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची ऊर्जा दहापट. ६५ आणि ९५ यांतील अंतर आकड्यांत तीसच दिसते, पण ऊर्जेत ते हजारपट असते. एका कर्ण्यावर चाललेले व्याख्यान आणि मालमोटारीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत यांच्यासाठी अर्ज मात्र एकाच प्रकारचा आणि मर्यादाही एकच, दहाची.

या व्यवस्थेचा सर्वांत मोठा फटका कोणाला बसला असेल, तर तो तमाशाला. चैत्र लागला की नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी देण्यास तेथे येतात. जत्रेच्या दिवशी पालखी, दुपारी कुस्त्या आणि रात्री तमाशा हा क्रम ठरलेला. शेतकरी प्रेक्षक जेवणे आटोपून येणार, म्हणजे गण सुरू व्हावयासच दहा वाजणार. गवळण, बतावणी झाल्यावर वग उभा राहतो, तो मध्यरात्रीकडे. ज्या खेळाचा बाजार दहानंतर भरतो, त्याला दहा वाजता दुकान बंद करावयास सांगणे म्हणजे त्यावर पोट असणाऱ्या वादक, नर्तकी आणि तंबू ठोकणाऱ्या मजुरांच्या हंगामी मिळकतीलाच हात घालणे होय. सवाई गंधर्व महोत्सवही पूर्वी पहाटेपर्यंत चाले. त्याने आपले वेळापत्रक बदलले, काही सत्रे दिवसा घेतली. उत्तररात्रीचे राग तेवढे आपल्या प्रहराला मुकले. फडाला अशी सोय नाही. वग उन्हात रंगत नाही.

पंधरा दिवसांची सवलत या फडांच्या उपयोगी का पडत नाही, याचे उत्तर शिधावाटपाच्या पद्धतीत आहे. २०१० च्या दुरुस्तीनुसार हे दिवस आगाऊ जाहीर करावयाचे असतात, आणि ते बहुधा साऱ्या जिल्ह्याला एकच असतात: गणेशोत्सव, नवरात्र, जयंत्या, वर्षअखेर. गावच्या जत्रेची तिथी मात्र ज्याच्या त्याच्या दैवताची. वर्षातून एकदाच रात्र जागविणाऱ्या गावाची ती एक रात्र यादीत नसते आणि यादीतल्या पंधरा रात्री त्या गावाला नको असतात. या पंधरांपैकी एक-दोन दिवस जिल्ह्याऐवजी गावाच्या हिशेबाने मोजता आले, तर झोपेच्या हक्काला फारसा धक्का न लागता एक धंदा वाचेल. नियमाच्या चौकटीत ते कसे बसवावयाचे, हे विधी विभागाने सांगावे.

परवानगी मिळविण्याचा खर्च ही आणखी एक बाजू. जागामालकाची संमती, नगरपालिकेचे ना-हरकत पत्र आणि पोलीस ठाण्याचे खेटे हे श्रोते पन्नास असोत की पाच हजार, जवळजवळ सारखेच पडतात. मोठ्या मंडळाकडे या कामाला माणसे असतात. वाचनालयाच्या तीन दिवसांच्या व्याख्यानमालेचा चिटणीस बहुधा शिक्षक किंवा कारकून असतो. तो यासाठी किरकोळ रजा खर्ची घालतो. शेवटी तो कार्यक्रम सभागृहात नेतो, भाडे परवडत नसेल तर बंद करतो. परवाना न मागताच वाजविणाऱ्याचे मात्र काही अडत नाही.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९६० साली सामाजिक खर्चावरील आपल्या निबंधात लंडनमधील एका जुन्या खटल्याचा आधार घेतला होता. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याचा आवाज शेजारच्या डॉक्टरच्या तपासणीच्या खोलीत जात असे. वाटाघाटीला खर्च येत नसेल, तर असे दोघे आपसांत तोडगा काढू शकतील, असे कोसचे म्हणणे. येथे मात्र एका मांडवाभोवती शेकडो बिऱ्हाडे असतात. त्यांनी आयोजकाशी बोलणी करावयाची कशी? म्हणूनच परवाना आवश्यक ठरतो. पण ज्याच्या वतीने तो द्यावयाचा, तो शेजारीच या कागदात कोठे दिसत नाही. परवाना कोणाला, किती वाजेपर्यंत, किती आवाजाचा आणि तक्रार कोणाकडे, एवढे चार मुद्दे मांडवाच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लावण्याची सक्ती करण्यास शासनाला फारसा खर्च येणार नाही. लहान आवाजाच्या कार्यक्रमाला एका पानाच्या अर्जावर दोन दिवसांत परवाना द्यावा आणि भिंती रचणाऱ्याकडून आवाजाच्या प्रमाणात आगाऊ अनामत घ्यावी. मोजणी यंत्राचा खर्च त्या अनामतीच्या जप्तीतूनही निघू शकेल.