घरातली कीड : स्वतः काय करावे, जाणकारावर काय सोपवावे

रब्बीची ज्वारी आणि गहू घरात आला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावोगावी वर्षाचे धान्य भरण्याची लगबग सुरू होते. कोठ्या धुऊन वाळवल्या जातात, धान्याला ऊन दिले जाते आणि मग प्रश्न येतो : सोंडे होऊ नयेत म्हणून यात काय टाकायचे? पावसाळ्यात हाच प्रश्न डासांबाबत पडतो, दिवाळीच्या आवराआवरीत झुरळांबाबत, भाड्याच्या खोल्यांत ढेकणांबाबत आणि चौकट पोखरलेली दिसली की वाळवीबाबत.

याची दोन उत्तरे प्रचलित आहेत. एक, दुकानातून औषध आणून स्वतः मारायचे. दुसरे, पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचे. निर्णय बहुतेक वेळा पैशांवर होतो. आरोग्याच्या दृष्टीने मात्र त्याआधी दुसरी गोष्ट पाहायला हवी : कोणते रसायन कोणत्या रूपात घरात येते आहे आणि घरातली माणसे त्याच हवेत झोपणार आहेत का? आमिष किंवा जेल जागेवर राहते. फवारा हवेत, भिंतीवर, अंथरुणावर पसरतो. वायू तर दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. धोका याच क्रमाने वाढतो.

धान्यातली गोळी

सर्वांत घातक सवय म्हणजे धान्यात ठेवली जाणारी ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी. लोक तिला ‘सल्फासची गोळी’ किंवा नुसते ‘पावडरची पुडी’ म्हणतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम वायू बाहेर पडतो. हवाबंद गोदामात तो किडे मारतो. दोन खोल्यांच्या घरात तो माणसांपर्यंत पोहोचतो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या माशासारखा वास येतो, पण वास आला नाही म्हणजे वायू नाही, असे समजता येत नाही. झोपेतल्या माणसाला तर तो कळतही नाही.

हा वायू पेशींची प्राणवायू वापरण्याची क्षमताच बंद पाडतो. त्याचा पहिला मोठा आघात हृदयावर होतो आणि रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा नाही. डॉक्टर फक्त हृदय आणि श्वास सांभाळू शकतात. सुरुवातीची लक्षणे मळमळ, उलट्या, डोकेदुखी, छातीत दडपण अशी असल्याने ‘काहीतरी बाधले’ असे समजून वेळ जातो. धान्यात गोळी ठेवलेल्या घरात एकाच रात्री दोघा-तिघांना उलट्या होऊ लागल्या, तर आधी जेवणाचा नव्हे, वायूचा संशय घ्यावा. सगळ्यांना उघड्यावर आणावे आणि दवाखाना गाठताना गोळीचा उल्लेख न चुकता करावा.

कायद्यानेही ही गोळी घरगुती वापरासाठी नाही. तिची विक्री सरकारी यंत्रणा, सरकारी उपक्रम आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम करणारे कीडनियंत्रक एवढ्यांपुरतीच मर्यादित आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. ती बाजारच्या दिवशी सुटी मिळते, एवढ्यावरून ती सुरक्षित ठरत नाही.

धान्यासाठी आपल्याकडचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एप्रिल-मेचे ऊन. दाणा दाताखाली कडक वाजेपर्यंत वाळवावा, सावलीत गार करून मगच भरावा आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावा. ओलसर दाण्यात कीड लवकर वाढते. कडुलिंबाचा वाळलेला पाला, डाळींना एरंडेलाचे बोट या जुन्या रीती घरापुरत्या धान्याला उपयोगी आहेत. तांदळाला बोरिक पावडर चोळण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. ती पोटात जाण्यासाठी नाही.

शेतातली बाटली घरात नको

दुसरी चूक शेतकरी घरांत जास्त होते. कपाशी, कांदा किंवा उसाच्या फवारणीतून उरलेले औषध ढेकणांसाठी बाजेवर, वाळवीसाठी चौकटीवर, क्वचित उवांसाठी डोक्यालाही लावले जाते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती फवारणी तर उघड्या शेतात होती. तेच औषध बंद खोलीत, गादीवर मारले आणि त्यावर लहान मूल झोपले, तर काय होईल याचा अंदाज करता येतो. तोंडाला फेस किंवा खूप लाळ, दरदरून घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, जुलाब, धाप ही सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या औषधांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. यावर ॲट्रोपीनचे इंजेक्शन आहे, पण ते वेळेत मिळायला हवे.

स्वतः करता येण्यासारखे

पुष्कळ गोष्टी घरच्या घरी होतात आणि त्याच जास्त टिकतात. झुरळांसाठी रात्री खरकटी भांडी न ठेवणे, गळका नळ दुरुस्त करणे, मोरीच्या जाळीला झाकण लावणे आणि ओट्याखालच्या फटींत जेलचे ठिपके देणे. जेलच्या ठिकाणी फवारा मारू नये. झुरळे तिथे यायचीच थांबतात. उंदरांसाठी पिंजरा किंवा सापळा आणि बिळे बुजवणे हेच उत्तम, कारण उंदराचे विष लहान मुलांना खाऊसारखे दिसते.

डासांबाबत टँकरवर अवलंबून असलेल्या गावांना विशेष दक्षता हवी. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंगीचा डास अंडी घालतो. आठवड्यातून एक दिवस पिंप, रांजण, हौद रिकामे करून घासून कोरडे करावेत, एरवी कापडाने झाकावेत. रात्रभर उदबत्तीसारखी कॉइल जाळणे हा पर्याय नव्हे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून बाहेर पडणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. दम्याच्या रुग्णाच्या किंवा बाळंतिणीच्या खोलीत मच्छरदाणीच बरी.

जाणकार केव्हा, आणि कसा?

वाळवी आणि पसरलेले ढेकूण हे दोन विषय जाणकारावर सोपवावेत. वाळवीचे मूळ बहुधा जमिनीत असते. दिसणाऱ्या मातीच्या रेघेवर औषध मारून ती जात नाही. ढेकूण बाजारातल्या नेहमीच्या फवाऱ्यांना बऱ्याच प्रमाणात सरावले आहेत. मग माणसे मात्रा वाढवतात, आणि विष ढेकणापेक्षा घरच्यांना जास्त लागते. जाणकार येईपर्यंत कपडे-चादरी कडक गरम पाण्यात धुणे आणि बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे हे स्वतः करता येते. ढेकूण चावल्याने खाज येते, झोप जाते; तो आजार पसरवतो असे दिसलेले नाही. त्यामुळे घाईने जहाल औषध वापरण्याचे कारण नाही.

मात्र माणूस बोलावला की जबाबदारी संपली, असेही नाही. पुण्यात बिबवेवाडी भागात फेब्रुवारी २०२० मध्ये घरात पेस्ट कंट्रोल करून घेतल्यानंतर एका दाम्पत्याचा मृत्यू झाला. घरी परतल्यावर खिडक्या उघडल्या गेल्या नव्हत्या, असे तेव्हाच्या बातम्यांत म्हटले होते. चेन्नईजवळ कुंद्रत्तूर येथे नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनीच्या माणसांनी ठेवलेल्या उंदराच्या औषधाने एका घरातली दोन लहान मुले दगावली. दोन्ही ठिकाणी काम ‘बाहेरच्या माणसाने’च केले होते.

म्हणून काम सुरू होण्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. कृषी खात्याचा कीडनियंत्रणाचा परवाना आहे का? हा परवाना कृषी पदवीधराला किंवा रसायनशास्त्र घेतलेल्या विज्ञान पदवीधराला, ठरावीक प्रशिक्षणानंतरच मिळतो. कोणते औषध वापरणार? मूळ डबा दाखवायला सांगावा. बिनलेबलच्या बाटलीतले औषध घरात येऊ देऊ नये. लेबलवरच्या त्रिकोणाचा रंग पाहावा : लाल म्हणजे अतिशय जहाल, मग पिवळा, निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. घरात किती तासांनी परतायचे, हे लेखी घ्यावे. परतल्यावर आधी सगळ्या दारे-खिडक्या उघडाव्यात, पंखे लावावेत, स्वतः बाहेर थांबावे आणि हवा पुरेशी खेळल्यावरच आत जावे. त्या रात्री खोली बंद करून एसी लावू नये. गरोदर बाई, तान्हे बाळ, दम्याचा रुग्ण घरात असेल, तर त्यांची एक-दोन दिवस दुसरीकडे सोय करावी.

विष पोटात गेले तर

मीठपाणी पाजून उलटी करवू नये. दूध, तूप, तेल देऊ नये. अंगावर औषध सांडले असेल तर कपडे काढून साबणाने भरपूर पाण्याने धुवावे. औषधाचा डबा किंवा पाकीट सोबत घेऊन १०८ च्या रुग्णवाहिकेने तातडीने रुग्णालयात न्यावे. ‘बरा दिसतो आहे’ म्हणून घरी ठेवू नये : उंदराच्या पेस्टमधला पिवळा फॉस्फरस पहिले दोन-तीन दिवस शांत राहून मग यकृत निकामी करतो, तर उंदराच्या वड्यांमधील काही विषांनी रक्तस्राव सुरू व्हायलाही दोन-तीन दिवस लागतात. या दुसऱ्या प्रकारावर ‘के’ जीवनसत्त्वाचा खात्रीचा उपचार आहे. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास सुरू असतो. कोठीच्या झाकणाला किंवा स्वयंपाकघराच्या दाराला तो आजच चिकटवून ठेवावा.