आज्ञावलीतील मजकुराचा शोध व बदल : रेग्युलर एक्सप्रेशनचा उपयोग (‘बीड’ या नामलेखनाच्या संदर्भात)

प्रस्तावना :
महाविद्यालयीन कार्यालय व ग्रंथालयाच्या संगणक आज्ञावलीत एकच नाव अनेक ठिकाणी आलेले असते. आपल्या जिल्ह्याचे नाव ‘बीड’ असे असले, तरी ‘बिड’ असेही लेखन आढळते. ते एकसारखे करताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना :
रेग्युलर एक्सप्रेशन म्हणजे शोधावयाच्या मजकुराचा आकृतिबंध सांगणारे सूत्र होय. स्टीफन क्लीनी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात या संकल्पनेची गणिती मांडणी केली. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये त्यावर आधारित मजकूर शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली.

साध्या बदलाचे दोष :
‘बिड’ सरसकट बदलल्यास पैठण तालुक्यातील ‘बिडकीन’चे ‘बीडकीन’ होते, ‘निबिड’ या शब्दाचे ‘निबीड’ होते आणि ‘बिडकर’ हे आडनाव ‘बीडकर’ होते. आज्ञावली मात्र कोणतीही त्रुटी न दाखवता चालू राहते. चूक लक्षात येते ती विद्यार्थ्याच्या हाती प्रमाणपत्र पडल्यावर.

सूत्राची रचना :
यासाठी पुढील सूत्र उपयोगी पडते :

(?<=[ ."])बिड(?=[ .,"]|च्या|मध्ये)

पहिला कंस ‘बिड’च्या आधी रिकामी जागा, पूर्णविराम किंवा अवतरणचिन्ह असावे, अशी अट घालतो. शेवटचा कंस त्यानंतर विरामचिन्ह, रिकामी जागा अथवा ‘च्या’, ‘मध्ये’ यांपैकी काही असावे, असे सांगतो. उभी रेघ पर्याय दर्शविते. दोन्ही कंसांतील मजकूर केवळ तपासला जातो, बदलला जात नाही. त्यामुळे ‘जि.बिड’ व ‘बिडमध्ये’ दुरुस्त होतात. ‘बिडकीन’, ‘बिडकर’ व ‘निबिड’ अबाधित राहतात.

इंग्रजीसाठी वापरले जाणारे शब्दसीमाचिन्ह येथे पुरेसे नाही. अनेक साधने काना-मात्रांना शब्दाचा भाग मानत नाहीत. युनिकोडमध्ये ‘बि’ हे ‘ब’ व वेलांटी अशा दोन संकेतांनी बनते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

समारोप :
प्रथम मूळ फाइलची प्रत ठेवावी, नंतर केवळ शोध घेऊन यादी वाचावी आणि मगच बदलाचा आदेश द्यावा. सूत्र आकृती ओळखते, अर्थ नव्हे. अर्थाची जबाबदारी वापरणाऱ्याचीच असते.