जखमेवरचे पांघरूण आणि ते टिकवण्याची किंमत

बाळ जन्मले, वार पडली, की तिचे कार्य संपले असे मानले जाते. खेड्यात ती पुरली जाते. रुग्णालयात जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. मात्र गर्भाला वेढणारे आणि वारेच्या आतल्या बाजूवर पसरलेले तलम आवरण, म्हणजेच उल्ब, भाजलेल्या जखमेवर गुणकारी पांघरूण ठरते. अमेरिकी शल्यविशारद जॉन स्टेज डेव्हिस यांनी गर्भावरणांच्या अशा वापराची नोंद १९१० सालीच केली होती.

या आवरणात रक्तवाहिन्या वा मज्जातंतू नसतात. जखमेवर ते घट्ट चिकटते, ओलावा राखते आणि वेदना कमी करते. त्यातील कोलॅजनच्या जाळीच्या आधाराने नव्या त्वचापेशी पसरतात; वृद्धिघटक या प्रक्रियेला चालना देतात. अर्थात, त्वचा पूर्ण जाडीने जळाली असेल तर रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेचे रोपणच करावे लागते. उल्ब ही कायमची त्वचा नव्हे.

मग ते ताजेच का वापरू नये? कारण त्यातून एचआयव्ही, कावीळ यांसारखे संसर्ग होऊ शकतात. मातेची संमती आणि रक्तचाचणी आवश्यक असतेच. परंतु संसर्गाच्या आरंभीच्या काळात चाचणीही फसू शकते. म्हणून प्रक्रिया अटळ ठरते, आणि प्रत्येक प्रक्रिया काही देते तसे काही हिरावूनही घेते.

ग्लिसरॉलमध्ये ठेवून उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवल्यास वृद्धिघटक बऱ्यापैकी टिकतात. परंतु बहुतेक पेशी मरतात आणि शीतसाखळी अखंड राखावी लागते. दुसरी पद्धत शीतशुष्कनाची. तीत गोठवलेल्या आवरणातील बर्फ निर्वातात थेट वाफ होऊन निघून जातो. उरलेला कागदासारखा पापुद्रा साध्या तापमानाला दीर्घकाळ राहतो. वृद्धिघटकांचा मात्र काही अंश घटतो.

निर्जंतुकीकरणासाठी साधारणतः २५ किलोग्रे मात्रेचे गॅमा किरण वापरतात. मात्रा फार वाढल्यास कोलॅजनचे धागे तुटून आवरण ठिसूळ होते. ओल्या ऊतीतील पाण्यापासून किरणांमुळे घातक मुक्तमूलके तयार होतात. आधी वाळवल्याने ही हानी कमी होते. म्हणून हवाबंद पाकिटात शुष्क आवरणावर किरणोत्सर्ग करणे श्रेयस्कर.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली स्थापन झालेल्या ऊतीपेढीने हाच मार्ग स्वीकारला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे साहाय्य तिला लाभले, तर किरणोत्सर्गासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचा, १९७४ साली ट्रॉम्बे येथे सुरू झालेला 'आयसोमेड' प्रकल्प उपयोगी पडला.

या निवडीचे महत्त्व महानगराबाहेर अधिक जाणवते. हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवरील धरणामुळे परिचित असलेल्या सिद्धेश्वरसारख्या गावाच्या परिसरात कोणी भाजले, तर मुंबईहून गोठवलेले आवरण तेथवर पोहोचेपर्यंत थंडावा टिकवणे हेच मोठे काम. शुष्क पाकीट मात्र जवळच्या रुग्णालयाच्या कपाटात आधीपासून ठेवता येते. वापरताना ते निर्जंतुक सलाइनमध्ये भिजवले की पुरे.

जखम स्वच्छ करणे, तिची खोली ओळखणे आणि आवरण लावणे हे सर्वस्वी डॉक्टरांचेच काम. घरी वार लावून पाहण्याचा प्रयोग जिवावर बेतू शकतो. सर्वांत गुणसंपन्न आवरण कोणते, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. थोडे गुण गमावूनही जे सुरक्षितपणे आणि वेळेवर रुग्णापर्यंत पोहोचते, तेच त्याच्या कामी येते.