झटक्याआधीचे आठ ठोके

यवतमाळ जिल्ह्यात ‘झटका मशीन’ म्हटलं की रानडुकरांपासून पीक राखणारं तारेचं कुंपण डोळ्यांपुढे येतं. छातीत बसवायचं झटक्याचं यंत्र, म्हणजे आयसीडी, तेवढं ओळखीचं नाही. पेसमेकर मंद हृदयाला चालना देतो, हे लोकांना ठाऊक असतं. सुसाट सुटलेलं हृदयही पेसिंगने ताळ्यावर येतं, हे पटकन पटत नाही.

हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या स्नायूत व्रण राहतो. विजेचा संदेश कधी त्याच्याभोवतीच गरगरत राहतो आणि ठोके मिनिटाला 200 वर जातात. दोन ठोक्यांत अंतर उरतं 300 मिलिसेकंदांचं. आयसीडी ते मोजतं आणि त्याच्या 88 टक्के, म्हणजे 264 मिलिसेकंदांच्या अंतराने आठ ठोके देतं. फिरता संदेश येतो तेव्हा पुढचा स्नायू नुकताच उत्तेजित होऊन गेलेला असतो. वाट बंद, चक्र तुटलं. सगळं जेमतेम दोन सेकंदांत. रुग्णाला बहुधा पत्ताही लागत नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पेनफ्री’ चाचणीत अशा वेगवान लयींपैकी जवळपास तीन चतुर्थांश विनाझटका थांबल्या.

हृदय नुसतंच थरथरू लागलं, तर मात्र झटकाच हवा. गुरू हॅरी हेलर यांच्या आकस्मिक मृत्यूनंतर डॉ. मिशेल मिरोव्स्कींनी या यंत्राचा ध्यास घेतला. फेब्रुवारी 1980 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ते प्रथम माणसाला बसवलं गेलं. तेव्हा ते फक्त झटका देई. आधी पेसिंग करून पाहण्याची सोय पुढे आली.

थरथर सुरू झाल्यावर उपचाराविना गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. यवतमाळहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर. जिल्ह्यातल्याच उमरखेडकरांना नांदेड त्यातल्या त्यात जवळ. गाडी निघण्याआधीच उपचार छातीत हजर असणं, हेच या महागड्या यंत्राचं मोल.

पथ्यं इथल्या शेताशिवारातलीच. कुंपणाच्या तारेला हात लावायचा नाही. तिचे झटके यंत्राला हृदयाचे ठोके वाटू शकतात. वेल्डिंग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मोबाइल छातीवरच्या खिशात ठेवायचा नाही. एक झटका बसून बरं वाटलं तर डॉक्टरांना फोन. लागोपाठ बसले तर थेट दवाखाना.

बॅटरी आणि नोंदी ठराविक महिन्यांनी तपासाव्या लागतात. त्यासाठी ना चिरफाड, ना भरती. छातीवर एक उपकरण धरलं की झालं. एवढ्यासाठी मजुरी बुडवून नागपूर गाठावं लागू नये. ही तपासणी जिल्ह्यातच नियमित मिळाली, तर लाखोंचं यंत्र नीट वापरात राहील.